कॉलेज बदलताय? दाखला काढण्याआधी क्रेडिटचा तक्ता मांडा

गोव्यात पदवीच्या मध्येच कॉलेज बदलण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला काणकोणहून रोजचा प्रवास झेपत नाही, कुणाला घेतलेला विषय जमत नाही, कुणाच्या घरची परिस्थिती बदलते. चूक मात्र बहुतेकांची एकच होते. आधी जुन्या कॉलेजातून दाखला काढतात आणि मग नव्या कॉलेजात चौकशीला जातात. तिथे जागा भरलेली असते किंवा तुमचा मायनर, म्हणजे दुय्यम विषयच शिकवत नाहीत. जुनी जागा तर सोडलेली. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी क्रेडिटचा (पेपर पास झाल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांचा) तक्ता, मग नव्या कॉलेजचा लेखी होकार, आणि शेवटी दाखला.

तक्ता कसा मांडायचा

गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यांत मेजर म्हणजे मुख्य विषय ६०, मायनर २४, बहुविद्याशाखीय पेपर ९, भाषा-क्षमता ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित ६ ते ८ आणि इंटर्नशिप २ ते ४. चार वर्षांच्या पदवीला १६० लागतात. या प्रत्येक प्रकाराचं खातं वेगळं भरावं लागतं, हे नीट लक्षात घ्या. एकूण ४० क्रेडिट झाली म्हणजे पहिलं वर्ष जसंच्या तसं पुढे सरकलं, असं होत नाही.

वहीचं एक पान आडवं धरून पाच रकाने पाडा: जुन्या पेपरचं नाव आणि कोड, तो कुठल्या खात्यातला, क्रेडिट किती, नव्या कॉलेजात त्याच्या जागी कुठला पेपर, आणि शेरा. पहिले तीन रकाने मार्कशीट समोर ठेवून स्वतः भरा. चौथा तुम्ही भरायचा नाही. तो नव्या कॉलेजातल्या मेजरच्या विभागप्रमुखांकडून भरून घ्या आणि खाली तारखेसह सही मागा. ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ हे शब्द कितीही आपुलकीने सांगितलेले असले तरी पाचव्या सेमिस्टरला ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

तक्ता बहुतेक वेळा मायनरला अडतो. समजा तुमचं मेजर भूगोल आणि मायनर अर्थशास्त्र आहे, पहिल्या वर्षी मायनरची ८ क्रेडिट झाली आहेत आणि नव्या कॉलेजात भूगोलाला अर्थशास्त्राचं मायनर नाही. नवं मायनर घेतलं तर ती ८ क्रेडिट पुन्हा कमवावी लागतील, म्हणजे चार-चार क्रेडिटचे दोन जादा पेपर. एक थिअरी क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणून चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास जादा. एका सेमिस्टरला एक याप्रमाणे वाटून घेतले तर हे झेपतं. पण जादा पेपरचा तास मेजरच्या प्रॅक्टिकलवर येतो का, हे वेळापत्रक हातात घेऊन आधीच तपासा. एकदा असे तास एकमेकांवर आले की तो गुंता वर्षभर सुटत नाही.

भाषेच्या पेपरकडे मुलं दुर्लक्ष करतात. पहिल्या वर्षी मराठी घेतली असेल आणि नव्या कॉलेजात कोकणी किंवा हिंदीच असेल, तर आधीची क्रेडिट मोजून पुढच्या पेपरला भाषा बदलता येईल का, हे विचारून तक्त्यात लिहून घ्या. बहुविद्याशाखीय पेपरमध्ये एक अट आहे: बारावीला शिकलेला विषय तिथे पुन्हा घेता येत नाही. नव्या कॉलेजात पर्याय दोन-तीनच असले तर ही अट टोचते.

कॉलेज स्वायत्त आहे की नाही, तेही पाहा. मडगावचं चौगुले महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम ते स्वतः आखतं. तिथून संलग्न (विद्यापीठाचाच अभ्यासक्रम चालवणाऱ्या) कॉलेजात येताना किंवा उलट जाताना पेपरचं नाव सारखं असलं तरी आतली प्रकरणं वेगळी असू शकतात. अशा वेळी मार्कशीट पुरत नाही. झालेल्या प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह घ्या. विज्ञान शाखेत प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट ३० तासांचं असतं, म्हणून सही झालेली जर्नल जपा आणि प्रमाणपत्राच्या पानाचा फोटो काढून ठेवा. परीक्षा झाल्यावर जर्नल रद्दीत घालणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

सावंतवाडी, बेळगाव, कारवारहून येणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची, कारवारची कर्नाटक विद्यापीठाची आणि बेळगावची राणी चन्नम्मा विद्यापीठाची. तिथून गोव्यात आलात की फक्त कॉलेज नाही, विद्यापीठही बदलतं. मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र) आणि गोवा विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रतेची मान्यता) ही दोन जादा कामं लागतात. एलिजिबिलिटी पक्की होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो, तेव्हा फी भरली म्हणजे सगळं झालं असं समजू नका.

त्याहून मोठी अट क्रेडिटची आहे. क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (एबीसी) २०२१ च्या नियमांनुसार जी संस्था पदवी देते, तिथे किमान ५० टक्के क्रेडिट कमवावी लागतात. पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट घेऊन आलात तर अडचण नाही, पुढची ८० इथेच होतात. पण दोन वर्षांची ८० घेऊन आलात तर तीन वर्षांच्या पदवीसाठी इथली ४० च उरतात, म्हणजे एक तृतीयांश. चार वर्षांच्या पदवीत मात्र ८० तिथली आणि ८० इथली, बरोबर निम्मी. म्हणून बाहेरून यायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर या. दुसऱ्या वर्षानंतर येत असाल तर चौथ्या वर्षाची आणि त्याच्या खर्चाची घरी आधीच चर्चा करा.

कागद, ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने

आधी नव्या कॉलेजकडून जागा असल्याचं पत्र. ते दाखवून जुन्या कॉलेजकडे ना-हरकतीसाठी अर्ज. मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना यांची नो-ड्यूज. मग दाखला. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख घेऊन घरी ठेवा. सगळे मूळ कागद हातातून सोडण्याआधी तीन-तीन झेरॉक्स काढा, कारण दाखला एकदा जमा झाला की परत मिळवणं जिकिरीचं असतं.

क्रेडिट खऱ्या अर्थाने सरकतात ती एबीसी आयडीवरून, म्हणजे त्या बँकेतल्या तुमच्या खात्याच्या क्रमांकावरून. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून झालेल्या सेमिस्टरची क्रेडिट तिथे दिसतात का, ते दाखला काढण्याआधी बघा. दिसत नसतील तर तुम्ही अजून त्याच कॉलेजचे विद्यार्थी असताना परीक्षा विभागाला लेखी कळवा. क्रेडिट न दिसण्याचं एक खास गोवेकरी कारण म्हणजे नावाचं स्पेलिंग. गांवकर, कामत, परब, नाईक ही आडनावं जुन्या पोर्तुगीज नोंदीत एका तऱ्हेने आणि शाळेत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली असतात. जन्मदाखला, आधार आणि मार्कशीट यांत एका अक्षराचा फरक असला तरी नोंदी जुळत नाहीत. आधी कुठला कागद दुरुस्त करायचा ते कार्यालयाला विचारा, कारण पुढची सगळी प्रमाणपत्रं त्यावरूनच निघतील.

फीच्या परताव्याला यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आधार आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून जास्त आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतं. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८०, तीस दिवसांच्या आत ५०, पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायलाही त्याच अधिसूचनेत मनाई आहे. तरी कुणी अडवली तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी जा. काउंटरवर भांडून हाती काही लागत नाही.

शिष्यवृत्ती चालू असेल किंवा गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज असेल, तर संस्था बदलल्याचं नव्या बोनाफाईडसह लगेच कळवा. नाहीतर नूतनीकरणाचा अर्ज जुन्या कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो आणि हप्ता थांबतो.

पहिले सहा आठवडे, आणि मेंटॉरने काय करावं

हजेरीचा हिशेब पहिल्याच दिवशी करा. ६० तासांच्या पेपरला ७५ टक्के म्हणजे ४५ तास, थोडक्यात १५ तास चुकले तर चालतात. कागदपत्रांत तीन आठवडे गेले असतील तर त्यांतले १२ आधीच संपले. हातात उरले तीन. म्हणून हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरावी, असा अर्ज प्राचार्यांकडे द्या आणि उत्तर लेखी घ्या. पहिली आयएसए (सेमिस्टरमधली अंतर्गत चाचणी) होऊन गेली असेल तर पुन्हा घेण्याची विनंती त्याच अर्जात करा. आयएसएचे गेलेले गुण सेमिस्टरअखेर भरून काढणं फार जड जातं.

मेंटॉर शिक्षकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: बदलून आलेल्या मुलाला ‘काही अडचण आली तर ये’ एवढं म्हणून सोडू नका. तो येत नाही. आपली अडचण नेमकी कशाला म्हणायची, हेच त्याला अजून कळलेलं नसतं. तीन भेटी तारखेसह ठरवा. पहिली पहिल्या आठवड्यात, वेळापत्रक आणि तक्ता समोर ठेवून. दुसरी तिसऱ्या आठवड्यात, हजेरी आणि राहून गेलेली प्रकरणं पाहायला. तिसरी पहिल्या आयएसएचे गुण आल्यावर लगेच. प्रॅक्टिकलची जोडी तुम्हीच लावून द्या. वर्गातल्या जोड्या वर्षभरापूर्वी जमलेल्या असतात आणि नवा मुलगा टेबलाच्या टोकाला एकटा उभा राहतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याला कुणी घेतलं का, हेही विचारा. परीक्षेचा बदललेला वर्ग, रद्द झालेला तास, सगळं तिथेच कळतं. मूल गप्प गप्प राहू लागलं, झोप उडाली असं दिसलं, तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे सोबत घेऊन जा. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइनही त्याला लिहून द्या.

सहाव्या आठवड्याअखेर तक्ता पुन्हा काढा आणि शेऱ्याचा रकाना वाचा. तिथे ‘नंतर पाहू’ असं काही उरलं असेल, तर परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी ते विभागप्रमुखांकडून मार्गी लावून घ्या. फॉर्मवर चुकीचा पेपर कोड गेला की तो मार्कशीटवर तसाच उतरतो.