ऐतिहासिक रोमान्समध्ये 'सेकंड चान्स' लिहायचाय? कोकणातल्या नव्या लेखकांसाठी माझा अनुभव

ऐतिहासिक रोमान्स लिहायला घेतलेली नवी मुलंमुली मला भेटतात, त्यातल्या बहुतेकांना सेकंड चान्सचीच कथा लिहायची असते. आधी जुळलेलं, मग तुटलेलं आणि दहा-पंधरा वर्षांनी परत समोर येऊन उभं राहिलेलं प्रेम. मी वेंगुर्ल्याची, नोकरी सांभाळून बरीच वर्षं याच प्रकारच्या कथा लिहितेय, आधी दिवाळी अंकांत आणि आता ऑडिओसाठीही, त्यामुळे जे हाताला लागलंय ते इथे सांगते.

दोघं तुटली कशामुळे आणि आता जुळू शकतात कशामुळे, ही दोन्ही उत्तरं तुम्ही निवडलेल्या सालातच सापडली पाहिजेत. बाकी सगळं यातूनच येतं. नवीन माणूस बहुतेक वेळा गैरसमज घालतो, म्हणजे तिने त्याला दुसऱ्या कुणाशी हसताना बघितलं आणि रुसली ती पंधरा वर्षं. हे पटत नाही हो, एका भेटीत सुटणारी गाठ पंधरा वर्षं टिकत नाही. तेवढं टिकायला समुद्र लागतो, कर्ज लागतं, जात लागते, कायदा लागतो, आईने घातलेली शपथ लागते.

समुद्र तर आपल्याकडे आयताच आहे. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला यायची आणि पावसाळा तोंडावर आला की बंद, म्हणजे मे अखेरीला जो मुंबईत राहिला तो दर्या निवळेपर्यंत तिथेच. घाटावरून यायचं म्हटलं तर १८९१ साली कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली खरी, पण पुढे फोंड्याचा नाहीतर आंबोलीचा घाट उतरायचा, बैलगाडीने किंवा चालत, तेही कोसळत्या पावसात. आता ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर मुलीचं लग्न घाईने उरकलं आणि गिरणीतल्या मुलाला ते कळलं तेव्हा बोट बंद होती, एवढं जरी लिहिलंत तरी ताटातूट उभी राहते, आणि यात दोघांपैकी कुणाचाच अपराध नाही. मला वाटतं सेकंड चान्समध्ये हे फार मोलाचं आहे, कारण फसवणूक झालेली असली की पुढची सगळी पानं माफी मागण्यात जातात.

बोटीतून उतरणं नीट लिहा. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर बसून किनारा गाठायचा. तर तुमचा हिरो रुबाबात उतरत नाही, रात्रभर बोट लागून चेहरा उतरलेला, धोतर ओलं, ट्रंक कुणाच्या तरी डोक्यावर असा येतो, आणि ती तिथे दुसऱ्याच कुणाला घ्यायला आलेली असते. याहून चांगली पुनर्भेट मला तरी माहीत नाही. बोट बुडाली, सगळ्यांनी त्याला मेला समजलं आणि तो जिवंत परतला, हा मोह मात्र जपून. ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. किनाऱ्यावरच्या घराघरांत ती नावं अजून काढतात, त्या यादीतून आपल्या सोयीसाठी एक माणूस वाचवून आणायचा हे मला बरं वाटत नाही, मनाने रचलेलं गलबत बुडवा.

पत्रांचंही तसंच. पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, मनीऑर्डर १८८० मध्ये, म्हणजे त्यानंतरच्या कथेत 'निरोपच मिळाला नाही' एवढंच सांगून सुटका नाही. पण पोस्टकार्ड उघडं असतं, आणि जिला वाचता येत नाही तिला ते शाळामास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवणार, उत्तरही त्यांच्याच हातचं, सासू बाजूला बसलेली. मग त्यात प्रेमाचं काय लिहिणार? आंब्याला मोहोर आला, गाय व्यायली, तुमची तब्येत सांभाळा. या तीन वाक्यांत सगळं भरायला शिकलात तर निम्मं काम झालं.

आता कायदा आणि रीत, इथे मात्र थांबून अभ्यास कराच. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि त्यावरून लोक धरून चालतात की तिथून पुढे मार्ग मोकळा. कायद्याने मान्यता मिळाली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात होतं की बाईने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क गेला. हे कलम घेऊन बसा. तिने हो म्हटलं की आंब्याची कलमं, माडाची बाग, घरातला वाटा सगळं दिराकडे जाणार, आणि दीर कदाचित त्यासाठीच वहिनीच्या लग्नाला गोड बोलून पाठिंबा देतोय. इतका चांगला खलनायक बसून कल्पना करत सुचला नसता. आणि दुसरीकडे, कोकणातल्या कितीतरी जातींमध्ये विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायची रीत हा कायदा यायच्या खूप आधीपासून होती, काडीमोडही होती, तिथे केशवपन आणि अलवणाची, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याची करुण कथा लिहिलीत तर ती त्या घराची गोष्टच नाही. म्हणून मी आधी हिरोईन कुठल्या घरातली, कुठल्या वाडीतली ते ठरवते आणि मग प्लॉट. पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला मुंबई प्रांतात हिंदूंमध्ये १९४६ पर्यंत कायद्याची आडकाठी नव्हती, आणि कोर्टात जाऊन घटस्फोट मागायची सोय आली १९४७ साली. म्हणजे १९२० मधला लग्न झालेला हिरो परत येऊन तिला 'तुलाही घरात आणतो' म्हणू शकतो, त्या काळात ते त्याला औदार्यच वाटणार, आणि ती ज्या शब्दांत नाही म्हणते ते शब्द शोधायला मी आठवडे घालवलेत. शिवाय मालवण-वेंगुर्ला ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात, शेजारी सावंतवाडी संस्थान आणि खाली पोर्तुगीजांचा गोवा, तिघांचं राज्य वेगळं, कायदा वेगळा, त्याचा फायदा घ्या.

माझ्या एका कथेचं सांगते म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली पुष्कळ मुलं मराठा पलटणींत होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत अल अमाराला डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला, त्यात मराठा पलटणी अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला इंग्रज फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, खूप जण वाटेत आणि छावण्यांत मेले, वाचले ते लढाई संपल्यावर परतले. मालवणजवळच्या एका वाडीतली माझी हिरोईन, तिला यातलं काय कळणार? पगाराचे पैसे यायचे ते थांबले एवढंच कळलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं, वडीलधाऱ्यांनी बसून तिचा पाट लावला, तोही चांगल्या माणसाशी, होडीवाल्या विधुराशी. त्याला मी मुद्दाम चांगला ठेवला. नवे लेखक हा मधला नवरा दारुडा तरी करतात नाहीतर पहिल्या प्रकरणात मारून मोकळे होतात, तसं केलं की तिच्या मधल्या वर्षांना किंमतच राहत नाही. माझा होडीवाला १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला, साथ खरी होती आणि मुंबई इलाख्यात तिने फार माणसं नेली, पण तो गेल्याचं दुःख मी कथेत पूर्ण करू दिलं. पहिला नवरा १९१९ मध्ये परत आला तो अशा घरापाशी, जिथे ती दुसऱ्याचं सुतक संपवून बसलीय आणि तिच्या मांडीवर दुसऱ्याची मुलगी आहे. मग गावकी बसली. ही आता कुणाची? पहिल्याची बायको की दुसऱ्याची विधवा? पुन्हा पाट लावायचा की लागलेलाच आहे? गावकीतल्या म्हाताऱ्यांना उत्तर सापडेना, आणि त्या चर्चेत तिला कुणीच विचारलं नाही. तिने विचारायला लावलं, तिथे ती कथा उघडली. दोघांचं पहिलं बोलणं मी एका शब्दावर ठेवलं, "जेवलास?" एवढंच ती विचारते. त्याने तीन वर्षांत धड जेवण पाहिलेलं नसतं.

किंमत कोण मोजतं हेही बघा. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पहिली पत्नी १८९१ मध्ये गेली, १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार टाकला आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. ही काही ताटातूट झालेल्या प्रेमिकांची गोष्ट नव्हे, पण दोन माणसांनी पुन्हा संसार मांडला की गावातली त्यांची आई, भाऊ कसे भरडले जातात हे यातून कळतं. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' आणि गोदूबाईंचं, म्हणजे नंतरच्या आनंदीबाईंचं, 'माझे पुराण' ही दोन्ही वाचा, दुसरं तर दोनदा वाचा, बाईच्या तोंडचं त्या काळचं बोलणं इतकं मोकळं फार कमी ठिकाणी मिळतं.

मधली वर्षं अंगावर दिसू देत, हे पण सांगते. गिरणीत राबलेल्या माणसाचा खोकला, चुलीपुढे गेलेले डोळे. वीस वर्षांपूर्वी जे एकमेकांना गो आणि रे म्हणत होते ते आता चारचौघांत अहो-जाहो करणार. आणि भेटणार कुठे? लग्न झालेली बाई परक्या पुरुषाशी रस्त्यात बोलत उभी राहत नाही, मग विहीर, देवळातला उत्सव, जत्रेतलं रात्रभर चालणारं दशावतार, शिमग्याला आलेले चाकरमानी, आजाऱ्याचं घर. इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा प्रत्येकालाच कथेत घ्यावासा वाटतो, १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो रत्नागिरीत होता, पण त्याला लांबूनच दिसू द्या, नाहीतर तो तुमच्या दोघांना झाकून टाकतो.

अभ्यासासाठी सुरुवात १८८० च्या बॉम्बे गॅझेटियरच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाच्या, दहाव्या खंडापासून करा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा तो, बंदरं, भाव, जाती, पिकं सगळं आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून आहे एवढं ध्यानात ठेवायचं. शब्द त्या काळी होता का याची शंका आली की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. आणि मोडी शिका, खरंच शिका, थोडे महिने लागतात पण घरातल्या जुन्या पेटीतले कागद तुमचे तुम्हाला वाचता यायला लागतात. कर्जाचे कागद, गहाणखतं, वाटण्या. प्रेमपत्र क्वचितच मिळेल, पण एखाद्या बाईने बांगड्या गहाण ठेवल्याचा कागद मिळाला की त्यातून कथा निघते.

या कामावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. दिवाळी अंकांचं मानधन छोटं असतं, काही ठिकाणी उशिरा येतं, ऑडिओवाले करार देतात तो सही करायच्या आधी सगळा वाचा, विशेषतः पुस्तकाचे हक्क तुमच्याकडे राहतात की नाही ते. पहिली कादंबरी घेऊन बसण्यापेक्षा चार-पाच हजार शब्दांची एक कथा पूर्ण करा, सोबत स्वतःसाठी एक सालवारी ठेवा, त्यात दोघांचं वय, त्या वर्षी बोट चालू होती का, कायदा कुठला, पीक कसं होतं, कोण जिवंत होतं हे सगळं. ड्राफ्ट झाला की संपादकाच्या आधी गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, ज्यांच्या घरात बोटीवर, पलटणीत किंवा गिरणीत कुणी होतं अशांना, ते जिथे थांबवतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या जागा परत लिहून काढा. अंकांची कामं पावसाळ्यातच उरकतात, त्यामुळे कथा जूनच्या आत पाठवलेली बरी.