उन्हाळी पिकासाठी विहिरीच्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात पाणी उदंड असते आणि मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवू लागतात. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. अशा भागात उन्हाळी पीक घ्यायचे तर एकरी उत्पन्न विचारण्याआधी हजार लिटर पाण्यामागे घरात किती रुपये उरतात, हे काढावे लागते. कारण उन्हाळ्यात जमीन पडून असते, कमी पडते ते पाणी.

पहिले काम विहिरीचा झरा, म्हणजे रात्रीत विहिरीत नव्याने येणारे पाणी, मोजण्याचे. संध्याकाळी उपसा थांबल्यावर दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पाहावी, दोरीला गाठ मारावी आणि सकाळी मोटर सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहावे. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर पाणी म्हणजे सुमारे 20,000 लिटर, त्यामुळे रात्रीत पातळी अर्धा मीटर चढली तर झरा 10,000 लिटरचा समजावा. दिवसभरातही थोडे पाणी येते, पण ते हिशेबात न धरलेलेच बरे. आमच्या मुरबाडकडच्या विहिरीवर ही दोरी आता खुंटीलाच टांगलेली असते; पूर्वी अंदाजाने चालायचे आणि एप्रिलच्या शेवटी भेंडी ऐन तोडणीत सुकायची.

या पाण्यातून घराचा आणि गोठ्याचा वाटा आधी बाजूला काढावा. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला 60 ते 80 लिटर पिते; पिणे, धुणे, गुरे मिळून रोज 1,000 लिटर धरले, तर आठवड्याला शेतासाठी 63,000 लिटर उरतात. एका गुंठ्याला 5 सेंटिमीटर पाणी द्यायला सुमारे 5,000 लिटर लागतात. म्हणजे आठवड्याला अशी एक पाळी (एकदाची भिजवण) द्यायची झाल्यास ही विहीर बारा गुंठे भिजवील. थोडी सूट ठेवून दहाच धरावेत. एकरभर भाजीचा बेत इथेच बाजूला पडतो.

मग उपशाचा खर्च. 200 लिटरचा ड्रम पाइपाच्या शेतातल्या टोकाला ठेवून तो भरायला लागणारा वेळ मोजावा. विहिरीपाशी मोजल्यास वाटेतली गळती लपते. 50 सेकंदांत भरला तर तासाला 14,400 लिटर. इंजिन तासाला 1 लिटर डिझेल खात असेल आणि डिझेल 90 रुपये धरले, तर हजार लिटरला सव्वासहा रुपये पडतात.

आता दहा गुंठ्यांवर दोन पिके शेजारी ठेवून पाहू. पुढचे भाव आणि उतारा गृहीत आहेत, आपले आकडे घालावेत. भेंडीला 14 पाळ्या, म्हणजे 7 लाख लिटर. पाण्याखेरीजचा रोख खर्च वजा जाता उरतात 16,000 रुपये, हजार लिटरला जवळपास 23. उन्हाळी भाताला 12 लाख लिटर आणि उरतात 6,500, म्हणजे साडेपाच रुपयांच्याही आत. डिझेलवर भात सरळ तोट्यात जातो. कृषिपंपाची वीज असेल तर चित्र फसवे होते: एप्रिल 2024 पासून राज्यात 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आहे, त्यामुळे भात फायद्याचा दिसतो. वीज फुकट मिळाली तरी झरा तेवढाच राहतो आणि भाताला घातलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे भेंडीचे 23 रुपये बुडतात, तो भाताचा खरा खर्च होय.

भेंडीचा आकडा मात्र घरच्या कष्टांवर उभा आहे, आणि बहुतेक हिशेब नेमके इथेच गळतात. दिवसाआड तोडणी, 25 तोडण्या, दोघांचा अर्धा-अर्धा दिवस, म्हणजे 25 दिवस. पाणी धरायचे 49 तास, म्हणजे आणखी सहा. डिझेलचे 4,400 रुपये वजा केल्यावर 11,600 रुपये 31 दिवसांवर वाटले, तर रोज सुमारे 375 पडतात. भिवंडीच्या गोदामात मजुरी याहून जास्त मिळत असेल, तर जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ धरून तुलना करावी. मात्र तोडणी करणारी बाई आणि भाजीचे पैसे हाती घेणारा माणूस वेगळे असतील, तर ती तुलना तिला विचारूनच करावी. पावसाळी भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा टाकणाऱ्या घराला पैसे थोडे मिळतात, पण विहिरीतला थेंब लागत नाही. ज्या घरात माणसे कमी आहेत, त्यांना मी तोच सुचवीन.

ठिबक बसवल्यास प्रत्येक पाळीला पाणी कमी लागते. मात्र वाचलेल्या पाण्यावर लगेच पाच गुंठे वाढवले, तर विहीर होती तिथेच येते आणि मेमध्ये घरच्या हंड्याचे वांधे होतात.

दोरीची मोजणी दर पंधरा दिवसांनी करावी. झरा निम्म्यावर आला तर सर्व वाफ्यांना अर्धे-अर्धे पाणी देऊ नये. विहिरीपासून दूरचे वाफे सोडून द्यावेत आणि फळावर असलेल्या जवळच्या वाफ्यांना पूर्ण पाळी द्यावी. कोणते वाफे आधी सोडायचे हे पेरणीच्या वेळीच ठरवून तिथे खत बेताने घातले, तर सोडताना नुकसानही कमी होते.