गाडी पडते? इंजिन उघडू नका, आधी या चुका टाळा

"दादा, गाडी पडाय लागलीय, काय करू?"

आपल्या मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे घरातल्या छोट्या आगगाड्यांच्या ग्रुपवर, गाडी रुळावरून उतरल्याचा असा एक मेसेज दर आठवड्याला ठरलेला. सोबत फोटो, तोही आडव्या पडलेल्या इंजिनाचा. कुठल्या वळणावर, पुढचं चाक की मागचं, सरळ जाताना की रिव्हर्सला, यातलं काही लिहिलेलं नसतं. मग सातारकर म्हणतात चाकं बदल, मिरजकर म्हणतात पॉइंट (रुळांचा सांधा) बदल, आणि दुपारपर्यंत इंजिन वर्तमानपत्रावर सुटं होऊन पडलेलं असतं. त्यातली एक बारीक स्प्रिंग कपाटाखाली गेलेली असते. हे आता पुरे. दहातल्या आठ भानगडी रुळात असतात. इंजिनाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

रुळांत फट न ठेवणं

नवख्यांना फट आवडत नाही. दिसायला वाईट, चाक खट्‌ वाजतं, म्हणून टोकाला टोक भिडवायचं आणि वर सोल्डरचा डाग देऊन टाकायचा. सांगलीच्या उन्हात हे चालत नाही.

विश्रामबागेतल्या एका सभासदाची मांडणी गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत आहे. लांब बाजूला ९१४ मिलिमीटरचे पाच फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वाकवता येणारे रूळ), म्हणजे साडेचार मीटरचा सरळ रूळ. जानेवारीत भल्या सकाळी बसवला, सगळे जोड भिडवून डागलेले. मार्चपर्यंत गाडी सुरेख. एप्रिलमध्ये पडायला लागली, आणि तीही फक्त दुपारी दोन ते पाच. रात्री नऊला तीच गाडी, तेच डबे, एकदाही उतरत नव्हते. त्यावर ग्रुपवर व्होल्टेजपासून वास्तुशास्त्रापर्यंत सगळी चर्चा झाली. सहा डब्यांची चाकं बदलली, एक नवा पॉइंट आला, बोगी मागवली. शेवटी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत हयात गेलेले एक काका भर दुपारी वर गेले, गाल बोर्डाला टेकवून रुळाच्या पातळीतून बघितलं आणि एवढंच विचारलं, "फट कुठाय?" रूळ चक्क नागमोडी झाला होता.

हिशेब साधा आहे. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे. एक मीटर रूळ एका अंशाला साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतो. सकाळचे १५ अंश आणि पत्र्याखालचे ४३, फरक २८. साडेचार मीटरला वाढ झाली दोन मिलिमीटरच्या वर. त्यात उन्हाळ्यात प्लाय वाळून किंचित आकसतो तो वेगळाच. वाढलेल्या रुळाला जायला जागा नाही, मग तो बाजूला फुगतो. कटिंग डिस्कनं तीन ठिकाणी मिलिमीटरभर काप दिले, टोकं कानशीनं गोल केली आणि दुपारची गाडी सुरू झाली. काढलेली चाकं अजून डबीत पडून आहेत.

थंडीत रूळ जोडताय तर प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्ड उभं धरा, रूळ त्याला टेकवा आणि मग कार्ड काढा. मे महिन्यात दुपारी जोडताय तर फट जवळजवळ नसली तरी चालेल. वळणावरचे जोड मात्र डागायचे, नाहीतर तिथे कोन पडतो. सरळ भागातले जोड मोकळे. काही जण म्हणतात, हल्ली खऱ्या रेल्वेत लांबच लांब वेल्ड केलेले रूळ असतात, तिथे कुठाय फट? बाबांनो, त्यांना जड काँक्रीटचे स्लीपर आणि खडीनं दाबून धरलेलं असतं. तुमच्या रुळाला फेव्हिकॉलनं धरलंय.

जॉइनरवर करंटचा भरवसा

वरच्या चुकीची ही धाकटी बहीण. जोड मोकळे ठेवले की करंट फक्त जॉइनरमधून, म्हणजे दोन रुळांची टोकं धरणाऱ्या धातूच्या तुकड्यातून जातो. जॉइनर नवा असताना जातो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत आत काळपट थर धरतो. मग "इंजिन लांबच्या टोकाला मंद होतं, मोटर गेली वाटतं" असा मेसेज येतो. मोटरला काही झालेलं नसतं.

मल्टिमीटर लावून "सगळीकडे १२ दाखवतंय" म्हणणाऱ्यांनो, लोड नसताना तो १२ च दाखवणार. मोटरसायकलच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी लावा. तो साधारण ०.४ अँपिअर खातो, म्हणजे जवळपास एका इंजिनाएवढं. हा बल्ब रुळांना लावून शेजारीच मीटर धरा. कंट्रोलरपाशी १२ आणि लांबच्या टोकाला ११ असेल तर ठीक. ९ दिसले तर कंट्रोलरकडून एकेक जोड पुढे सरकत जा, जिथे आकडा एकदम पडेल तो जोड दोषी. बल्ब स्लीपरवर ठेवू नका, प्लास्टिक वितळतं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर. बोर्डाखालून १.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर मुख्य लाइन म्हणून फिरवा, तिच्यापासून प्रत्येक तुकड्याला ०.५ ची वीतभर वायर वर न्या. पुढचा रूळ लाल, मागचा काळा, हे एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. डाग देताना रुळाची बाहेरची बाजू खरवडून घ्या, रुळाला आणि वायरीला आधी वेगवेगळी कल्हई करा, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद सोल्डरिंगची इस्त्री धरा. डागाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, स्लीपर वाचतात. फ्लक्स रोझिनचाच. पत्र्याच्या कामाचं अॅसिड वापरलंत तर सहा महिन्यांत तिथे हिरवं फुटलेलं दिसेल. २५ वॅटची इस्त्री रुळाला कमी पडते आणि ती धरून बसलं की स्लीपर जातो. ५० वॅटची घ्या, झटकन टेकवा आणि उचला.

डीसीसी (रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर वायरिंग झाल्यावर बोर्डाच्या प्रत्येक कोपऱ्यात रुळांवर एक रुपयाचं नाणं टेकवा. बूस्टर, म्हणजे रुळांना करंट देणारा खोका, तत्क्षणी ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट झाला की तिथेच एखादी बोगी वितळेल.

क्रशरची कच तशीच रुळात ओतणं

खडीचं पाकीट महाग, दारात कच फुकट. वापरा, कुणाची ना नाही. पण आपला दगड सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. गाडी फिरता फिरता ते कण वर ओढते आणि एक दिवस करकर आवाज करत थांबते. कृष्णाकाठच्या काळ्या वाळूचंही तेच.

मोठा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कच परातीत पातळ पसरा, वरून फिरवा. पिशवीला काळी दाढी येईल. बाजूला नेऊन चुंबक बाहेर काढा, दाढी गळून पडते. पिशवी कोरी निघेपर्यंत हे करत राहा. सहा-सात फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीला "झालं बहुतेक" म्हणणारेच नंतर इंजिन घेऊन येतात.

मापाचंही बघा. खऱ्या रुळातली मोठ्यात मोठी खडी ६५ मिलिमीटरची, एचओ या आपल्या मापाच्या १:८७ प्रमाणात ती पाऊण मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे रव्याएवढी. तीन मिलिमीटरची खडी टाकलीत तर ते पाव मीटरचे धोंडे झाले. पिठाच्या चाळणीनं धूळ काढा, चहाच्या गाळणीतून जे खाली पडेल ते घ्या. पसरून झाल्यावर स्पिरिट मिसळलेल्या पाण्याचा फवारा, मग निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी आणि कपाला एक थेंब भांड्याचा साबण. ड्रॉपरनं सोडायचं. पॉइंटच्या हलत्या पट्टीखाली खडी नको आणि गोंद तर नकोच. वाळेपर्यंत अधूनमधून पॉइंट हलवत राहा.

बाकीच्या, पटापट

रूळ काळे पडले म्हणून सँडपेपर मारू नका, ओरखड्यांत घाण आणखी बसते. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तारेची घासणी तर घरातच ठेवा, तिचे तुकडे थेट मोटरमध्ये जातात.

खोबरेल तेल गिअरमध्ये घालू नका. ते २४ अंशांखाली गोठतं, मग साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी इंजिन जागचं हलत नाही आणि मेसेज मला येतो.

प्लायच्या कडा प्रायमर न लावता पावसाळ्यात नेऊ नका.

"भोर घाटात १:३७ चढ आहे, मग मी का नको?" कारण तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. तुम्ही १:५० पेक्षा तीव्र चढ देऊ नका. एका रुळावरून दुसरा न्यायला ९० मिलिमीटर उंची लागते, त्याला १:५० नं साडेचार मीटर धाव हवी. सहा बाय चार फुटी बोर्डावर ५५ सेंटीमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल साडेतीन मीटरचाच होतो. मावत नाही ते मावत नाही.

मिरजेत एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती, म्हणून तिन्ही करायची हौस सगळ्यांना. एचओमध्ये त्यासाठी १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. ९ चा रूळ एन स्केलचाच चालतो, पण म्हणून त्यावर एन स्केलचे डबे ठेवू नका. ते १:१६० चे असतात, शेजारच्या गाडीपुढे खेळणं दिसतं.

हलका डबा वळणावर उतरणारच. पंधरा सेंटीमीटरच्या डब्याचं वजन ११० ते ११५ ग्रॅम हवं. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगच्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या आतून, तळाला, मधोमध लावा. आणि व्हर्नियरनं चाकांमधलं आतलं अंतर मोजा, १४.४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. दोन्ही चाकं बोटांनी किंचित पिळून ओढली की सरकतात.

एवढं करूनही गाडी पडलीच तर मेसेजमध्ये लिहा: कुठला डबा, कितवं चाक, कुठला जोड, कुठल्या दिशेला, किती वाजता. आणि रविवारी येताना तो डबा आणा, नुसतं इंजिन नको.