17 ऑक्टोबरला गरिबीविरुद्ध माणसं जमवायचीत? मग आत्तापासून लागा

17 ऑक्टोबर हा जागतिक गरिबी निर्मूलन दिन. युनोने तो 1992 ला जाहीर केला पण सुरुवात त्याच्या आधीची, 1987 ला पॅरिसमधे ट्रोकाडेरोला लाखभर माणसं जमली होती, बोलावणारे फादर जोसेफ व्रेसिन्स्की स्वतः हलाखीत वाढलेले. आपल्या गावात किंवा वॉर्डात असं काही करायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटीच कामाला लागायचं.

सगळ्यात आधी मागणी ठरवा, आणि एकच ठरवा. "गरिबी हटवा" म्हटलं की टाळ्या पडतात पण त्यावर कुठला साहेब सही करणार? ज्युबिली 2000 ची चळवळ आठवून बघा, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गरीब देशांवरचं न फिटणारं कर्ज 2000 सालापर्यंत माफ करा. 16 मे 1998 ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममधे जी-8 ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या नेत्यांची बैठक होती तेव्हा सुमारे 70,000 लोकांनी मानवी साखळी केली, नेते त्या दिवशी शहराबाहेर गेलेले तरी लोक हात धरून उभे राहिले आणि शेवटी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर परत येऊन त्यांच्या प्रतिनिधींना भेटले. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या जी-8 बैठकीत कर्जमाफी वाढवायचं ठरलं. पेरूत काय नि इंग्लंडमधे काय, चळवळीच्या अर्जावर सह्या एकाच मागणीखाली, म्हणून त्या दोन कोटींच्या वर गेल्या.

आपल्याकडे अशी मागणी कुठे शोधायची तर रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कुटुंबामागे 35 किलो धान्य मिळायला पाहिजे, पण भांडी घासून किंवा विटा उचलून बोटांच्या रेषाच गेलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते अजिबात सहन होत नाही. मग मागणी अशी लिहा, "अंगठा उमटला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका", आणि खाली लिहा कोणाकडे मागताय, म्हणजे तहसीलदार.

आता माणसं. मीटिंग तुमच्या सोयीने रविवारी सकाळी ठेवू नका, धुणीभांडी करणाऱ्या ताईंना विचारा त्या कधी मोकळ्या असतात, बहुतेकदा दुपारी कामं आटपल्यावर, आणि मीटिंग वस्तीतच घ्या, हॉलमधे नको. रोजंदारीवाल्याचा खाडा होणार असेल तर त्याला मोर्चाला चला म्हणायच्या आधी दहादा विचार करा. आणि पहिलं त्यांना बोलू द्या. कार्यकर्ते आधी अर्धा तास भाषण करतात आणि मग ज्यांचा प्रश्न आहे त्यांना "दोन शब्द बोला" म्हणतात, हे बंद झालं पाहिजे. फोटो विचारून काढा, लहान मुलांचे तर नकोच.

कागदाचं काम सोपंय. निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून शिक्का घ्या. फेरी काढणार असाल तर पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या.

परदेशातल्या नातेवाईकांकडे नुसते पैसे मागू नका. इंग्लंडमधे असतील तर तिथेही फूड बँकेबाहेर, म्हणजे गरजूंना फुकट अन्न मिळतं तिथे, रांगा लागतात, त्यांनी 17 तारखेला तिथल्या लोकांसोबत उभं राहावं, तिथली मागणी तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, करावी आणि दोन्हीकडचे फोटो एकत्र टाकावेत. दुबईवाल्यांना मात्र रस्त्यावर उभं राहायला सांगू नका, तिकडे परवानगीशिवाय जमणं गुन्हा आहे, त्यांनी घरून लिहावं.

18 तारखेला ग्रुप थंड पडतो, हे धरूनच चाला. आधीच दोघांची नावं ठरवा जे दर पंधरा दिवसांनी तहसीलला जातील. उत्तर नाही आलं तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोचेची प्रत मात्र तुमच्या घरी नको, वस्तीतल्याच एखाद्या ताईंकडे ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदाराने परत पाठवलं तर त्या स्वतः तो कागद काढून दाखवतील.