गोल्फमध्ये मॅच प्ले खेळताय? या चुका टाळा, आणि माझं डोकंही वाचवा

मागे एका रविवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला, "मी 91, ते 94. मी जिंकलो." खाली पटापट अंगठे, कुणीतरी फुलांचा गुच्छ पण टाकला. दहा मिनिटांनी समोरच्याचा मेसेज, "साहेब, मॅच सतराव्यालाच संपली की. मी 2 अँड 1 ने जिंकलो. अठरावा आपण गंमत म्हणून खेळलो." मग जो काय धुरळा उडाला तो निस्तरायला मी, कारण आमच्या गोल्फ लीगचा ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते) आणि निकाल सांभाळायचं फुकटचं काम माझ्या गळ्यात आहे.

आता यात नव्या लोकांची पूर्ण चूक नाही. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला गोल्फ म्हणा, तो तुम्हाला गोल्फ क्लब मैदानावर सोडेल, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे क्रिकेट चालतं, रणजीच्या मॅचही झाल्यात. आपल्याकडे येणारे निम्मे लोक क्रिकेट खेळूनच आलेले, त्यांच्या डोक्यात धावांची बेरीज बसलेली असते. मॅच प्लेमध्ये बेरीज नसतेच हो. ज्याने कमी शॉटमध्ये होल पुरा केला तो होल त्याचा, आणि जास्त होल जिंकणाऱ्याची मॅच. हे टेनिसच्या सेटसारखं आहे, सेट 6-0 ने जिंका नाहीतर 7-6 ने, सेट एकच. त्या दिवशी समोरच्याने एका पार फोरवर (चार शॉटांत पुरा व्हावा असा होल) 11 मारले, आपल्या साहेबांनी 4. सात शॉटचा फरक, पण हिशोबात होल एकच. बाकी ठिकाणी तो एकेका शॉटने होल काढत गेला. निकाल कळवताना 2 अँड 1 असं लिहा, म्हणजे दोन होल पुढे आणि एकच शिल्लक. टोटल तुमच्या हँडिकॅपसाठी (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कच्च्याचा जास्त) ठेवा, मला नको.

आता माझं खरं दुखणं. पहिल्या टीवर, म्हणजे होल सुरू करायच्या जागी, शॉटचा हिशोब न करणं. दोघांच्या हँडिकॅपमध्ये जेवढा फरक तेवढे शॉट कच्च्या गड्याला सूट मिळतात, त्याचा हिशोब.

दर आठवड्याला तेच. दोघं येतात, चहा, गप्पा, गुडघेदुखी, द्राक्षाचा भाव, आणि मग "चला चला उशीर झाला" करत ड्राइव्ह मारून मोकळे. कुणाला किती शॉट मिळतात, कुठल्या होलवर मिळतात, हे चौथ्या होलच्या ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर) आठवतं, ते पण ज्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, चुकला त्याला.

मी शहाणपणा शिकवतोय पण हे माझ्याच बाबतीत झालंय म्हणून सांगतो. तात्यांशी मॅच होती (तात्या म्हणजे आमचे द्राक्षवाले, ग्रुपवाल्यांना वेगळं सांगायला नको). तात्यांचा हँडिकॅप 19, माझा 12, फरक सात. म्हणजे कार्डावर ज्या होलांचा स्ट्रोक इंडेक्स (सुटीचे शॉट कुठल्या होलवर आधी द्यायचे त्याचा क्रम) 1 ते 7 आहे तिथे तात्यांना एकेक शॉट. आपला कोर्स नऊ होलांचा, दोनदा फिरायचा, त्यामुळे प्रत्येक होलला दोन इंडेक्स आहेत, पहिल्या फेरीचा वेगळा आणि दुसऱ्या फेरीचा वेगळा. पाचवा होल पहिल्या फेरीत 7 आणि तोच होल चौदावा म्हणून खेळताना 8. पाचव्यावर तात्यांना शॉट मिळाला, बरोबर. चौदाव्यावर मी 4, तात्या 5. मीच मोठ्या मनाने म्हणालो, "तात्या, इथे तुम्हाला शॉट आहे ना, नेट 4, हाफ." म्हणजे सूट वजा जाता 4, होल बरोबरीत. तात्या म्हणाले, "असेल, तुम्ही म्हणता तर." पंधराव्याला दोघांनी ड्राइव्ह मारले, ग्रीनवर पोचलो, मी कार्ड उघडलं आणि पाहतो तर इंडेक्स 8. शॉट नव्हताच. होल माझा होता.

"मग आता काय, मागे जायचं?" तात्या म्हणाले. मागे जाता येत नाही. पुढच्या टीवरून दोघांपैकी कुणीही शॉट मारायच्या आत चूक लक्षात आली तर दुरुस्त करता येते, त्यानंतर जे ठरलं तेच कायम. नियमच आहे, आणि कुठे शॉट आहे कुठे नाही हे माहीत असण्याची जबाबदारी खेळाडूची. मॅच मी 1 डाऊनने, म्हणजे एका होलने, हरलो. तो एक होल मिळाला असता तर बरोबरीत होतो. घरी येताना त्र्यंबक रोडवर गाडी चालवताना मला फक्त तो आठचा आकडा दिसत होता.

तेव्हापासून माझी सवय अशी, पहिल्या टीवर बॉल ठेवायच्या आधी पेन्सिलने कार्डावर ज्या होलवर शॉट आहे तिथे टिंब काढतो, दोन्ही फेऱ्यांची, आणि समोरच्याला कार्ड दाखवून मोठ्याने वाचतो. लोक हसतात. हसू दे. मोबाइलमधलं ॲप दाखवून "यात सगळं येतं" म्हणणारे पण भेटतात, त्यांच्या ॲपमध्ये कोर्स अठरा होलांचा भरलेला असतो की नऊचा दोनदा, हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नसतं. आणि हँडिकॅप सांगताना चढवून सांगू नका, मुद्दाम नाही तर चुकूनही नाही. जास्त सांगितला आणि त्यामुळे शॉटचा आकडा बदलला तर थेट बाद. कमी सांगितला तर मात्र बाद नाही, त्याच कमी हँडिकॅपवर खेळायचं, भोगा.

दुसरं दुखणं, "दिला" की नाही दिला.

मॅच प्लेमध्ये समोरच्याचा छोटा पट आपण देऊ शकतो, म्हणजे तो पडला असं धरायचं, बॉल उचल. अख्खा होल देता येतो, मॅचही देता येते. आणि एकदा दिलं की दिलं, परत घेता येत नाही, आणि समोरचा "नको, मी मारतोच" म्हणून नाकारूही शकत नाही. इतकं सरळ आहे. पण आपल्याकडे द्यायची पद्धत काय तर मान हलवणं, खोकणं, पाठ फिरवून पुढच्या टीकडे चालायला लागणं. आणि सगळ्यात घातक शब्द म्हणजे "चांगलाय".

झालं असं, की एकाने लांबून पट मारला, बॉल होलपासून दोन फुटांवर थांबला, समोरचा म्हणाला "चांगलाय!" याने बॉल उचलला. समोरचा म्हणतो मी पट चांगला मारलास म्हणालो, दिला कुठे म्हणालो? हा म्हणतो चांगलाय म्हणजे दिलाच की. त्यात कॅडी (बॅग उचलणारा) मध्ये, "साहेब, त्यांनी दिला, मी ऐकलं." मागचा चौघांचा गट कमरेवर हात ठेवून उभा. वाद ग्रीनवरून पार्किंगपर्यंत, पार्किंगवरून मिसळीच्या टेबलापर्यंत, आणि तर्री गार झाली तरी हे दोघं चालूच. शेवटी मला फोन. नियम असा आहे की बोलण्या-वागण्यातून प्रामाणिक गैरसमज होऊन बॉल उचलला असेल तर दंड नाही, बॉल होता तिथे परत ठेवायचा आणि पट मारायचा. दोन मिनिटांचं काम होतं, त्यासाठी यांनी अर्धा रविवार घालवला. आणि कॅडीला पट द्यायचा अधिकारच नसतो, त्याने काय ऐकलं न ऐकलं ते सोडा.

हे आपल्याच गावठी लीगमध्ये होतं असं समजू नका. 2015 च्या सोल्हाइम कपला (बायकांची अमेरिका विरुद्ध युरोप स्पर्धा), जर्मनीत, अमेरिकेच्या ॲलिसन लीने सतराव्यावर जेमतेम दीड फुटाचा पट दिलाय असं समजून बॉल उचलला. युरोपची सुझान पेटरसन म्हणाली, आम्ही दिलाच नव्हता. होल गेला, मॅच गेली. मग चिडलेल्या अमेरिकन पोरींनी 10-6 अशी पिछाडी भरून काढून कप साडेचौदा-साडेतेरा असा जिंकला आणि पेटरसनने दुसऱ्या दिवशी माफी मागितली. अठरा इंचांवरून.

उलट टोकाचे लोक आहेत ते 1969 च्या रायडर कपचा (पुरुषांची, तेव्हा अमेरिका विरुद्ध ब्रिटन) दाखला देतात, अमेरिकेच्या निकलसने ब्रिटनच्या जॅकलिनचा पट दिला, 16-16 बरोबरी झाली, काय खिलाडूवृत्ती वगैरे. अहो, ती शेवटच्या मॅचच्या शेवटच्या ग्रीनवरची गोष्ट, आणि निकलसने आधी स्वतःचा पट घातला होता. तुम्ही दुसऱ्या होलवर चार फुटांचे पट वाटत सुटता आणि बदल्यात तेवढेच मागता, ती वृत्ती नाही, ती उधारी आहे.

माझी सवय सांगतो, बरोबर असेलच असं नाही. द्यायचा असेल तर हात वर करून, समोरच्याकडे बघून, "दिला, उचला". द्यायचा नसेल तर तोंड बंद, एक अक्षर नाही, कौतुक पण बॉल होलमध्ये पडल्यावर. आणि मला मिळाला असं वाटलं तरी ऐकू आलं नसेल तर विचारतो, "दिला का?" यात लाज कसली. पटरच्या ग्रिपएवढं अंतर असेल तर आपोआप दिला असा कुठलाही नियम नाहीये, ती आपली कट्ट्यावरची समजूत आहे.

डबल्समध्ये एक बारीक खोच आहे, तुमचा पट दिला असेल आणि तरी तुम्ही तो पार्टनरला लाइन कळावी म्हणून मारला तर पार्टनरचा स्कोअर त्या होलला धरत नाहीत. उचला आणि बाजूला व्हा.

बाकीच्या चुका आता भराभर, कारण यावर बोलून बोलून घसा बसलाय.

बॉल झाडीत गेला की दुसरा मारताना "प्रोव्हिजनल" (तात्पुरता बॉल) हा शब्द तोंडाने म्हणा. न म्हणता मारला तर तोच बॉल खेळात आला आणि एक शॉटचा दंडही लागला, मग पहिला फेअरवेच्या मधोमध सापडला तरी उपयोग नाही. शोधायला तीन मिनिटं, पाच नाही, पाच 2019 च्या आधी होती.

शंका आली म्हणून दोन बॉल खेळून "नंतर विचारू" हे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉटची बेरीज मोजतात तिथे). मॅच प्लेमध्ये ती सोय नाही. दोघांनी तिथेच ठरवा, नाहीतर आपला मुद्दा तिथेच बोलून ठेवा आणि नंतर मला विचारा.

पहिल्या टीवर "एक फुकट" ठरवून दुसरा ड्राइव्ह मारणं. मित्रांमध्ये ठीक आहे हो, पण मॅचमध्ये नियम माहीत असून दोघांनी मिळून तो बाजूला ठेवायचं ठरवलं आणि खेळायला लागले की दोघेही बाद. मग मी ड्रॉमध्ये पुढे कुणाला पाठवू?

पाळी सोडून मारलं तर दंड नाही, पण समोरचा लगेच म्हणू शकतो, परत मारा. आणि तो म्हणणार कधी, तुमचा शॉट पिनला चिकटल्यावरच. म्हणून टीवरच बोलून घ्या, जो तयार तो मारेल.

बॉलवर पेनने खूण करा. दुसऱ्याचा बॉल मारला की होल गेला, विषय संपला.

थंडीतलं एक. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की सकाळी आपल्या ग्रीनवर दव साचलेलं असतं, बॉल मागे पांढरी रेघ काढत जातो आणि निम्म्यातच थांबतो. मग काही हुशार लोक पट मारायच्या आधी टॉवेलने लाइन पुसतात. टीवर दव पुसलेलं चालतं, ग्रीनवर आपल्या लाइनवरचं पुसलं तर होल गेला. वाळू, पान, काडी काढा, दव राहू द्या आणि थोडं जोरात मारा.

आणि जोरावरून आठवलं. समोरच्याने दोन बॉल कुंपणापलीकडे द्राक्षबागेत घातलेत, तो पाचवा शॉट टीवरून मारणार आहे, आणि आपला नवा गडी काय करतो? यूट्यूबवर रात्री बघितलेला ड्राइव्ह काढतो. तिसरा बॉल बागेत. अरे सात नंबरची आयर्न काढ, दीडशे यार्ड सरळ मार, अजून एकदा मार, दोन पट कर आणि होल घेऊन चल. मला कळत नाही, सहा महिने झाले नाहीत खेळायला लागून आणि ड्रायव्हर तिसरा, रेंजफाइंडर लेझरचा, आणि चिपिंगचा सराव शून्य. मॅच प्लेमध्ये मॅचच्या दिवशी आधी कोर्सवर सराव केलेलाही चालतो, स्ट्रोक प्लेमध्ये चालत नाही. तरी एक माणूस अर्धा तास आधी येईल तर शपथ. बुटाची लेस टीवर बांधतात.

तारखांचं शेवटचं. जानेवारी ते मार्च द्राक्षांची काढणी, मग लग्नसराई, मग पाऊस, हे मला पण कळतं, मी पण नाशिकचाच आहे. पण मॅच होणार नसेल तर शनिवारी रात्री 9 च्या आत समोरच्याला फोन करा. फोन. ग्रुपवर नुसता हात जोडलेला इमोजी नाही. गेल्या खेपेला तात्या सकाळी सहाला थंडीत कानटोपी घालून टीवर उभे होते आणि समोरचा गडी पिंपळगावला हळदीला. तात्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "मॅच मी जिंकलो हे ठीक आहे हो, पण मिसळ कुणाच्या पैशाने खाऊ?"