आयव्हीएफपूर्वी बंद गर्भनलिकांचे काय करावे?

एचएसजीच्या (गर्भाशयात औषध सोडून नलिकांचा काढलेला एक्स-रे) अहवालात नलिका केवळ बंद आहेत की पाणी साचून फुगल्या आहेत, हे डॉक्टरांना आधी विचारावे. नुसती बंद नलिका आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) आड येत नाही, कारण त्यात गर्भ प्रयोगशाळेत तयार करून थेट गर्भाशयात सोडतात. मात्र साचलेले पाणी गर्भाशयात उतरून यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून अशी नलिका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढणे किंवा गर्भाशयाजवळ बंद करणे हिताचे ठरते. नलिका काढताना बीजांडकोशाच्या रक्तपुरवठ्याला धक्का लागू शकतो. त्यामुळे एएमएच (बीजांडांचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) कमी असल्यास आधी गर्भ गोठवून ठेवण्याविषयी बोलावे. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे मोठे कारण असल्याने ती तपासणी (संकोच वाटला तरी) टाळू नये. पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात.