कार सीटमधून स्ट्रोलरमध्ये बाळ ठेवताना या चुका टाळा

गाडी थांबली, बाळ रडतंय, मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अशा वेळी हात आपसूक बाळाच्या बकलकडे जातो आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते. मग बाळ एका हातावर धरायचं आणि दुसऱ्या हाताने डिकीतून स्ट्रोलर ओढून पायाने उघडायचा, अशी कसरत सुरू होते. अजून मान न धरलेलं बाळ असेल तर हे फारच धोक्याचं.

पट्ट्यांत नीट बांधलेलं बाळ सीटमध्ये सुखरूप असतं. दोन मिनिटं रडलं तरी चालेल, स्ट्रोलर तयार होईपर्यंत बकल उघडू नका. आधी स्ट्रोलर बाहेर काढा, तोही रहदारीच्या बाजूला नव्हे, फूटपाथकडे, सपाट जागी. पूर्ण उघडा, लॉक बसल्याचा आवाज ऐका आणि हँडल दाबून फ्रेम दुमडत नाही ना ते बघा. ब्रेक लावल्यावर एकदा ढकलूनही बघा, कारण पेडल अर्धवट दाबलं गेलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो. गाडीची किल्ली खिशात ठेवा. ती आत राहिली आणि दारं आपोआप लॉक झाली, तर बाळ आत आणि तुम्ही बाहेर.

सोबत मोठं भावंड असेल तर तेही तोवर आपल्या सीटमध्येच बसलेलं बरं. स्ट्रोलर उघडताना आणि मिटताना त्याच्या सांध्यांत लहान बोटं सापडतात. २००९ मध्ये अमेरिकेत याच कारणावरून एका कंपनीचे सुमारे दहा लाख स्ट्रोलर परत बोलवावे लागले होते. बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती.

क्लिक झालं का?

हँडलवाली तान्ह्या बाळाची सीट थेट स्ट्रोलरच्या फ्रेमवर बसते. इथे बाळाला बाहेर काढायचंच नसतं, त्यामुळे पट्टे उघडायचं कारण नाही. हँडल उभं करून लॉक झालंय का ते हलवून बघा, मगच सीट गाडीत बसवलेल्या बेसवरून सोडवा. कोपरात अडकवून नेण्यापेक्षा दोन्ही हातांनी पोटाजवळ धरा. रिकामी सीटच तीन ते पाच किलोची असते. तिच्यात बाळाचं वजन मिळवलं की बाळंतिणीच्या कंबरेला आणि टाक्यांना ते झेपत नाही. शक्य असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला करू द्या.

सीट फ्रेमवर ठेवली की दोन्ही बाजूंचं क्लिक ऐकू यायला हवं. ऐकू आलं तरी हात सोडण्याआधी सीट हलकेच वर ओढून बघा. एक बाजू उचलली गेली तर ती बसलेलीच नाही.

क्लिक होतच नसेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: डावा-उजवा ॲडॅप्टर (सीट फ्रेमवर बसवणारा जोड) उलट लागलेला असतो, दुपट्याचं टोक खाचेत अडकलेलं असतं, खाचेत बिस्किटाचा चुरा किंवा माती साचलेली असते, नाहीतर सीटचं तोंड चुकीच्या दिशेला असतं. हे सगळं तपासूनही बसत नसेल, तर ती सीट त्या स्ट्रोलरसाठी बनलेलीच नसण्याची शक्यता जास्त. ॲडॅप्टर ठरावीक मॉडेलसाठीच असतात. दोरीने किंवा बेल्टने बांधून वेळ मारून नेऊ नका.

झोपलंय, राहू दे?

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट हीच आहे. बाळ गाडीत झोपी जातं. त्याला उठवायचं जिवावर येतं, म्हणून सीट तशीच स्ट्रोलरवर, नंतर घरात जमिनीवर किंवा सोफ्यावर ठेवली जाते. गाडीत ती सीट बेसवर ठरावीक कोनात मागे कललेली असते. बाहेर ठेवली की हा कोन बदलू शकतो. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कमजोर. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि बाळ आवाजही करत नाही.

‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेत २००४ ते २०१४ या काळात बसत्या स्थितीतल्या साधनांमध्ये झोपेत दगावलेल्या बाळांची त्यात पाहणी होती. त्यातली सुमारे ६३ टक्के बाळं कार सीटमध्ये होती, आणि त्या सीट सांगितल्याप्रमाणे वापरात असल्याची उदाहरणं १० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे प्रवासात, नीट बांधलेल्या बाळासाठी सीट हवीच. ती झोपायची जागा मात्र नाही. पोहोचल्यावर शक्य तितक्या लवकर बाळाला सपाट, टणक गादीवर पाठीवर निजवा. जास्त वेळ फिरायचं असेल तर सपाट होणारा स्ट्रोलर किंवा बॅसिनेट (स्ट्रोलरवर बसणारा सपाट पाळणा) वापरा.

झोपलेलं बाळ उचलून ठेवताना आधी ढुंगण टेकवा, मग पाठ आणि शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की बाळ दचकून हात फेकतं आणि जागं होतं. ठेवल्यावर थोडा वेळ छातीवर हात राहू द्या.

‘जरा मोकळं वाटू दे’ म्हणून पट्टे सैल करणं ही बाळाला सीटमध्येच झोपू देण्याहून वाईट सवय. खालचं बकल उघडं आणि वरची क्लिप लावलेली, अशा अवस्थेत बाळ खाली सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. एक तर पट्टे पूर्ण नीट लावा, नाहीतर बाळाला सीटमधून बाहेर काढा.

ऊन लागू नये म्हणून अख्ख्या स्ट्रोलरवर कापड टाकलं की आत हवा कोंडते आणि बाळ तापतं. स्ट्रोलरचं छत पुढे ओढा आणि सावलीतून चाला. उन्हात उभ्या गाडीतलं बकल बाळाच्या मांडीला लागण्याआधी स्वतःच्या हाताला लावून बघा.

उचलून ठेवायचं असेल तर

फ्रेमवर न बसणाऱ्या मोठ्या सीटमधून बाळाला हातानेच काढावं लागतं. सगळे पट्टे सोडवा, दोन्ही हात पट्ट्यांतून बाहेर आलेत का बघा, आणि पायांमधल्या पट्ट्यात पाऊल अडकलेलं नाही ना तेही बघा. एक हात मानेमागे, एक ढुंगणाखाली. दाराच्या चौकटीतून बाहेर येताना बाळाच्या डोक्यावर नजर ठेवा, कारण आपलं लक्ष स्वतःचं डोकं वाचवण्याकडे असतं. स्ट्रोलरमध्ये ठेवल्याबरोबर पाचही पट्टे लावा, ‘दोन पावलांवरच जायचंय’ असलं तरी. मान धरत नाही तोवर बाळाला बसत्या स्ट्रोलरमध्ये ठेवू नका.

हँडलला जड पिशव्या लटकवू नका. बाळ आत असेपर्यंत तोल सांभाळला जातो. बाळ उचललं की स्ट्रोलर मागे कलंडतो, आणि सोबतचं दुसरं मूल नेमकं तिथेच उभं असतं. सामान खालच्या टोपलीत ठेवा.

परतीच्या वेळी क्रम उलटा करा: आधी बाळ गाडीत, मग स्ट्रोलर डिकीत. तोवर ब्रेक लावलेला असू द्या. सीट बेसवर बसवली की खूण हिरवी झाली का ते पाहा आणि सीट ओढून बघा. हँडल गाडीत कोणत्या स्थितीत ठेवायचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या. फिरताना पट्टे सैल झाले असतील किंवा मधे जाड स्वेटर घातलं असेल, तर स्वेटर काढा आणि पट्टे पुन्हा आवळा. खांद्याजवळ पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर अजून सैल आहे.